पाडव्याची हाक

सत्काराचं नाव काढलं की मला मळमळतं. हे मी विनयानं म्हणत नाही. विनय आमच्या गल्लीत कुणाला परवडत नव्हता आणि मलाही तो कधी जमला नाही. खरंच घशाशी येतं. शाल, नारळ, हार आणि डोक्यावर आवळून बांधलेला तो फेटा, ज्याची टाचणी हमखास कानशिलात टोचते. तरी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या तालमीची पोरं दारात येऊन उभी राहतात. हा माणूस लढाईत होता, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. बसतात, चहा पितात आणि कप खाली ठेवायच्या आत विचारतात, "किती मारलं वो तुमी?"

"एक बी न्हाय," मी सांगतो.

"मग काय करत हुतासा?"

"गाडी चालवत हुतो. कधी दारूगोळ्याची, कधी रेशनची. येकदा माणसांची. मागनं म्हशी हुत्या."

म्हशींचं नाव निघालं की एखाद्याला हसू फुटतं, दुसरा त्याला कोपरानं ढोसतो. पत्रिका छापायची असते, त्यात म्हशी कशा घालणार? मग ते उठतात. जाताना एक जण दिलासा दिल्यासारखं म्हणतो, "आसू दे की काका, गाडी चालवणं बी देशसेवाच हाय." गेल्या खेपेला मी त्यांचा नारळ त्यांच्याच हातात परत दिला. बायको म्हणाली, "सारखं पोरांवर चिडतासा, त्यास्नी तरी काय म्हाईत? लिहून काढा एकदा." म्हणून लिहितोय. चिडणं काही कमी होणार नाही.

आम्ही गवळी. गंगावेशीच्या अंगाला आमची गल्ली. संध्याकाळी म्हशी दूधकट्ट्यावर नेऊन उभ्या करायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा. तालमीतली पोरं अंगाची माती न झटकता यायची आणि उभ्याउभ्या पेले रिचवायची. समोर धार काढायची म्हटल्यावर दुधात पाणी घालायला जागाच नाही. माझ्या वडिलांना याचा फार ताठा होता. कोल्हापूरच्या गवळ्याला पाण्याची चोरी करता येत नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, जणू काही हा नियम त्यांनीच काढला होता.

दिवाळीचा पाडवा आला की गल्लीला वेड लागायचं. म्हशींना धुऊन काढायचं, अंगावरचे केस कातरून वेलबुट्टी काढायची, शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरमाळा घालायच्या. आणि मग त्यांना पळवायचं. दुसरीकडच्या माणसाला हे सांगून पटत नाही. मालक फटफटीवर बसतो, मागं वळून हाक मारतो, आणि ते एवढं जड काळं जनावर दावं नाही, काठी नाही, नुसत्या हाकेवर गाडीमागं उधळत येतं. दुतर्फा माणसं, शिट्ट्या, हलगी, पण म्हैस कुणाकडं बघत नाही. तिच्या कानात एकच आवाज असतो. वडिलांकडं फटफटी नव्हती, सायकल होती. तिच्यावरून ते एका हातानं हँडल धरून, तोंड मागं करून हाक मारायचे. दोनदा गटारात पडले, पण म्हैस त्यांच्याशेजारी येऊन थांबली, पुढं गेली नाही.

त्या हाकेला आमच्यात मोल होतं. म्हैस विकली तर जुन्या मालकानं नव्या दारात चार दिवस जाऊन हाक मारायची, नव्या मालकानं त्याच्याशेजारी उभं राहून मारायची, हळूहळू जुन्यानं गप्प व्हायचं. तोवर ती नीट पान्हा सोडत नाही. हे कुणी शिकवत नाही, गोठ्यात वाढलं की कळतं.

वडील गेल्यावर गोठा चुलत्याकडं गेला. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तात्या वाईट नव्हते. आम्हा भावंडांना त्यांनी उपाशी ठेवलं नाही, बहिणीचं लग्न करून दिलं. पण एका गोठ्यात दोघांचे हुकूम चालत नाहीत, म्हणून मी फौजेत भरती झालो. गाडी चालवायला शिकलो आणि तेच माझं सैनिकपण.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या गाड्या पंजाबच्या सरहद्दीला होत्या. आमच्यावरचा हवालदार पन्हाळ्याच्या पायथ्याचा, मुसलमान घरातला. त्याच्या घरात बापजाद्यांपासून बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचं काम. परमुलखात दोन कोल्हापुरी भेटले की जसं होतं तसं आमचं झालं होतं. तो मला शिव्या घालायचा आणि त्या ऐकून मला घरी असल्यासारखं वाटायचं.

हुकूम आला की अगदी हद्दीला लागून असलेलं एक गाव रिकामं करायचं. पलीकडून तोफा सुरू झाल्याच होत्या, गोळे अजून गावावर पडत नव्हते एवढंच. दुपारपर्यंत सगळी माणसं मागं न्यायची. फक्त माणसं. माणशी एक बोचकं.

गावात शिरलो तर आधी वास आला गुळाचा. मी गाडीतच दचकलो. तिकडंही उसाचे दिवस होते, गावाच्या तोंडाशी गुऱ्हाळ लागलं होतं, काहिलीत रस उकळत होता आणि एक म्हातारा ढवळत उभा होता. आम्ही म्हटलं चला. तो म्हणाला, पाक आलाय, जरा थांबा. आमच्याकडचा गुळव्यासुद्धा हेच म्हणाला असता. दोन जवानांनी त्याला दंडाला धरून आणला. गाडीत बसल्यावरही तो मान उंच करून चुलाणाकडंच बघत होता. रस करपायला लागला. तो करपट गोड वास दिवसभर आमच्या कपड्यांना होता.

गाव रिकामं करणं म्हणजे काय असतं, हे सिनेमावाल्यांना दाखवता येत नाही. त्यात धावपळ कमी असते आणि लाज जास्त. बायका घराला कुलूप लावतात, दोन पावलं जातात, परत येऊन कुलूप ओढून बघतात. तोफेपुढं त्या कुलपाची काय पत्रास, हे त्यांनाही कळतं आणि आपल्यालाही, आणि दोघं एकमेकांकडं न बघता उभे असतो. बोचक्यात काय घ्यायचं ते कुणालाच सुचत नाही. एकीनं लाटणं घेतलं होतं. एकानं गाईगुरांच्या घंटा घेतल्या, गुरं मात्र दावणीला.

गुरांना सोडून द्यायचं, असंच ठरलं होतं. दावी कापा, जगली तर जगली.

सगळी चढली, एक म्हातारी सोडून. तिचं घर गावाच्या टोकाला. ती गोठ्यात म्हशीच्या अंगाला टेकून बसली होती, मांडीवर नात. नात दोन वर्षांची असेल नसेल. तिची आई बाळंतपणात गेलेली, बाप लांब कुठंतरी गिरणीत. पोर वाढली होती त्या म्हशीच्या दुधावर, हे शेजारणीनं गाडीतूनच ओरडून सांगितलं. म्हातारीचं म्हणणं एवढंच होतं की म्हैस येणार असेल तर मी येते. ही इथं राहिली तर पोर तुमच्या छावणीत काय पिईल?

आमचा तरुण अधिकारी घड्याळ बघत होता. तो म्हणाला, उचला हिला. हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हशीकडं बघत होतो. मुऱ्हा जातीची, गोल वळलेल्या शिंगांची, आमच्या लांब शिंगांच्या म्हशींपेक्षा बसकी. पण म्हातारी बोलली की तिचा कान त्या बाजूला वळत होता. दर वेळेला वळत होता.

मी हवालदाराला म्हटलं, "हिला फाळक्यावर बसवू या, तोंड मागं करून. ही हाक मारंल, म्हस ईल मागनं. मी गाडी पयल्या गेरात ठेवतो. पाडव्याला आमी असंच पळवतो की."

"आरं येड्या, हितं तोफा वाजाय लागल्यात आन् तुला पाडवा सुचतोय व्हय?" तो म्हणाला. मग त्यानं म्हशीच्या खुरांकडं बघितलं. "कर जा. न्हाय आली म्हस, तर म्हातारी तरी गाडीत आसंल."

मी म्हातारीला माझ्या मोडक्या हिंदीत समजावलं. "माई, तुम बैठो, बुलाओ, वो आयेगी." तिला पटलं नसावं, पण मी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला तो तिनं बघितला. गवळ्याचा हात गवळणीला कळतो. ती उठली.

मागचा फाळका पाडून तिला त्यावर बसवलं, एका जवानानं कमरेला धरलं, नात दुसऱ्या बाईच्या मांडीवर. मी गाडी सोडली. म्हातारीनं हाक मारली. आमच्या हाकेसारखी ती नव्हती, घशातून निघणारा एक लांब सूर आणि शेवटी जिभेचा टक असा आवाज. आरशात बघतो तर म्हैस दारातून बाहेर आली, क्षणभर थांबली आणि दुडक्या चालीनं गाडीमागं यायला लागली.

हे बघून गाडीतल्या इतर बायकांनी कालवा केला. आमच्याही घ्या, आमच्याही घ्या. दावी आधीच कापलेली होती, जनावरं गावात सैरावैरा फिरत होती. मग जिनं तिनं आपापल्या जनावराला हाक घातली. तीन गाड्या आणि मागं अख्ख्या गावाची गुरं. मला सांगायला लाज वाटत नाही, मी हसत होतो. लढाईत होतो, जीव मुठीत होता, आणि मी एकटाच केबिनमध्ये वेड्यासारखा हसत होतो. वडील सायकलीवर असते तर पुढं गेले असते, असं वाटत होतं.

वाटेत एक गोळा बाजूच्या शेतात पडला. गुरं उसात घुसली. मी गाडी थांबवली तर अधिकारी ओरडला, चला, चला. म्हातारी हाक मारत राहिली. ऊस हलला आणि तिची म्हैस आधी बाहेर आली, तिच्यामागून बाकीची. हवालदार फूटबोर्डावर लोंबकळत मला सांगत होता, "डांबरावनं घेऊ नगंस, खुरं सोलत्यात. कडंच्या मातीवनं घे." बैलांना पत्र्या मारणाऱ्याचा पोरगा तो. त्या क्षणी आम्ही दोघं फौजी नव्हतोच.

इथपर्यंतची गोष्ट पोरांना सांगितली तर चालेल. पत्रिकेतही छापता येईल. पुढचं कुणाला नको असतं.

मागच्या गावात धान्याच्या मंडईत छावणी केली होती. आम्ही पोचायच्या आधीच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. मला वाटलं, मदतीला आलीत. त्यांच्या खांद्यावर दोर होते. तेही मदतीसाठीच असतील, असं वाटलं. जवळ गेल्यावर त्यांच्या मागं रिकामे ट्रक दिसले.

व्यापारी होते. सरहद्दीवरून गुरं येणार हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

छावणीच्या दारावर एक कारकून बसला होता. तो म्हणाला, आत फक्त माणसं. त्याचंही खरं होतं. आत माणसांना बसायला जागा नव्हती, चारा कुठून आणणार? मग गुरं बाहेर ठेवायची तर राखायची कुणी? राखायला बाहेर थांबलं तर रात्रीच्या थंडीत पांघरूण नाही, आणि भाकरी वाटतात ती आत. सगळं अगदी रीतसर होतं. त्या रीतसर गोष्टींच्या मधोमध व्यापारी उभा होता, पांढरेशुभ्र कपडे घातलेला, तोंडात वेलदोडा चघळत. तो कुणावर जबरदस्ती करत नव्हता. म्हणत होता, इथं चाऱ्यावाचून मरेल, मी नेतो म्हणून जगेल. आणि असं म्हणत असताना जनावराचं तोंड उघडून दात बघत होता.

लोकांनी विकली. कवडीमोलानं विकली. ज्याच्या पदरात काही पडलं तोही पैसे हातात घेऊन ते कुणाचे आहेत असं बघत होता. म्हातारी मात्र नाही म्हणाली. दिवस बुडेपर्यंत ती दाराबाहेर म्हशीशेजारी बसून राहिली. पोरीला तिनं धार काढून पाजली, जवळच्या पितळी वाटीतून. मग पोर थंडीनं निळी पडायला लागली. आतल्या बायका तिला बोलवत होत्या. शेवटी ती उठली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, घेऊन जा.

आता म्हैस जाईना. फळी लावली, दोर ओढला, ती पाय रोवून उभी. मग त्याच्या गड्यानं काठी घेतली. पाठीवर मारलं असतं तर एक वेळ. तो गुडघ्यांवर मारत होता, पुढच्या गुडघ्यांवर, नेमकं एकाच जागी. व्यापारी माझ्याकडं वळला. आम्ही येताना त्यानं सगळं बघितलं होतं. म्हणाला, फौजी भाई, तुमची युक्ती भारी आहे, जरा गाडी पुढं घ्या ना.

मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं नाही. तो गड्याला म्हणाला, मार.

तेव्हा म्हातारी स्वतःच चालत गेली. पोर काखेत होती. त्या परक्या ट्रकच्या फळीवर चढली, आत गेली, तोंड बाहेर करून उभी राहिली आणि तिनं हाक मारली. तोच लांब सूर, शेवटी तोच टक. काठी थांबावी म्हणून. म्हैस लंगडत फळी चढली आणि तिच्या छातीला नाक लावून उभी राहिली. काखेतल्या पोरीनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, परत गाडीतून जायचंय.

म्हातारीला पुढच्या बाजूनं उतरवून घेतलं आणि ट्रक गेला. म्हैस आतून ओरडत होती ते बराच वेळ ऐकू येत होतं. व्यापाऱ्यानं आम्हाला चहा विचारला, फौजी भाई, वेलदोडा घातलेला आहे, थंडी आहे. हवालदार त्याच्या पायाजवळ थुंकला. मी गाडीच्या मागं जाऊन ओकलो. तोफा वाजत होत्या तेव्हा माझ्या पोटात काही झालं नव्हतं. करपलेला गूळ आणि वेलदोडा, एवढ्या दोन वासांनी माझं पोट उलटं केलं. अजून आमच्या घरात चहात वेलदोडा पडत नाही.

शत्रूचा माणूस मी जवळून बघितलाच नाही. लढाईत मी जवळून बघितला तो हा माणूस.

लढाई संपल्यावर सुट्टीवर आलो तर गल्लीनं स्टेज बांधला होता. फेटा, हार, सगळं. गावातले एक बडे व्यापारी अध्यक्ष होते, भाषणाची त्यांना भारी हौस. त्यांनी सांगितलं की मी गोळ्यांच्या वर्षावात आयाबहिणींना पाठीवर घेऊन आणलं. एवढं सांगताना त्यांचा गळा भरून आला. मी तिथंच बसलेला, आणि त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हशीचं सांगायला लागलो. व्यापाऱ्याच्या ट्रकपर्यंत आलो आणि माईक खरखरायला लागला. तो खरखरला की खरखरवला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तात्या पहिल्या रांगेत होते. नंतर मला म्हणाले, "हाकंवर म्हशी आणल्यास, ह्ये लई भारी केलंस बघ. ते ट्रकाचं कशाला सांगायचं? लोकास्नी चांगलं ऐकायचं आसतंय."

पुढं माझी नोकरीची वर्षं भरली आणि मी घरी आलो. त्या साली पाऊस पडलाच नाही. आमच्याकडं नदी होती, निभावलं. पण पूर्वेकडच्या मुलखात प्यायला पाणी नव्हतं आणि वैरण तर नावाला नाही. माणसं गुरं घेऊन आमच्या दिशेनं चालत निघाली.

एका सकाळी तात्या अंगणात येऊन म्हणाले, "चल उचगावला. ट्रक भाड्यानं घेतलाय. ड्रायव्हर हाय, पर त्याला जनावरातलं काय कळत न्हाय. तुला अनुभव हाय की."

मला वाटलं, वैरण वाटायला चाललेत. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. गल्लीतले आणखी काही जण होते. शहराच्या पूर्वेला, उचगावच्या पुढं रस्त्याच्या कडेला ट्रक लावला. मी खाली उतरलो आणि बघितलं, तर आमच्या गल्लीच्या माणसांच्या खांद्यावर दोर होते.

पूर्वेकडून धुळीतून माणसं येत होती. म्हशींच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तात्यांनी पांढरं धोतर नेसलं होतं. ते पुढं झाले, एका बाईच्या म्हशीचं तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले, "पावणं, हितनं म्होरं वैरण न्हाय. मरंल बगा. आमी न्हेतो म्हून जगंल."

शब्द तेच होते. मला वाटतं, असल्या वेळेला सगळ्या मुलखातल्या माणसांना हेच शब्द सुचतात.

बाई पस्तिशीची असेल, नवरा मागं बैलगाडीत तापानं पडलेला. तिनं म्हैस दिली. म्हैस चढेना. तात्यांनी काठी घेतली नाही, तेवढे ते गवळी होते. ते त्या बाईला म्हणाले, "अक्का, जरा वर चढून हाक मार की. तिला बी तरास नगं, आमाला बी नगं."

बाई वर चढली.

मी तात्यांचा हात धरला. चारचौघांत धरला. म्हटलं, "तात्या, हे तुमी माझ्याकडनं शिकलासा व्हय? ट्रकाचं मी सांगितलं ते ऐकलं न्हाईसा, हाकंचं तेवढं ध्यानात ठेवलंसा?"

"मग काय करू? सोडून दिऊ तिला हितं?" तात्या खरंच बुचकळ्यात पडले होते. "तिच्याकडं वैरण हाय का? माझ्याकडं हाय. म्हस जगंल का न्हाय? तिला चार पैसं मिळालं का न्हाय? सांग की."

त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, आणि त्यामुळंच मला त्यांची जास्त किळस आली. कारकुनाच्या बोलण्यात खोट नव्हती, व्यापाऱ्याच्याही नव्हती. "वैरण दिऊन म्हस तिचीच ठिवता आली आसती," मी म्हटलं. "आपल्या गोठ्यात बांधायची. पाऊस झाला की न्हेली आसती तिनं." तात्या माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मी म्हशीला पंख आहेत असं बोललोय. मी उचगावहून चालत घरी आलो.

ती म्हैस आमच्या गोठ्यात आली आणि तिनं पान्हा चोरला. तात्या हाक मारून थकले. आमची रीत त्यांना आठवली, की जुन्या मालकानं चार दिवस यायचं. त्यांनी माणूस पाठवून ती बाई शोधून काढली. ती खडी फोडायला जात होती. नवरा त्या तापातच गेला होता. तात्यांनी तिला शेणघाणीच्या कामाला ठेवलं, गोठ्याशेजारच्या खोपटात जागा दिली. सकाळ-संध्याकाळ ती म्हशीपाशी बसून हाक मारायची, म्हैस पान्हा सोडायची, आणि तात्या धार काढून दूध कट्ट्यावर न्यायचे. चार दिवसांनी जुन्या मालकानं गप्प व्हायचं असतं. तिला मात्र गप्प होऊ दिलं नाही, कारण म्हैस तात्यांची झालीच नाही. स्वतःच्याच म्हशीच्या दुधातलं तिला सांजेला एक पेलाभर मिळायचं, आणि त्याला गल्लीतल्या बायका तात्यांचा मोठेपणा म्हणायच्या.

त्याच साली पाडव्याला गल्लीत पुन्हा स्टेज बांधला. या वेळी सत्कार तात्यांचा होता. दुष्काळातली जनावरं वाचवली आणि एका निराधार बाईला आसरा दिला म्हणून. अध्यक्ष तेच, गळा भरून येणं तेच. बहुतेक फेटाही तोच असावा, त्याच्या कडेला माझ्या वेळचा हळदीचा डाग दिसत होता. सुनेनं तात्यांना ओवाळलं. मला मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं, माजी सैनिक म्हणून. अध्यक्ष म्हणाले, या घराण्याच्या रक्तातच जीव वाचवणं आहे. काकानं आणि पुतण्यानं एकच काम केलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्या आणि अध्यक्षांनी पाणी प्यायला तांब्या उचलला, तेवढ्या शांततेत गल्लीच्या टोकाकडून हाक ऐकू आली. सत्काराला त्या बाईला बोलवायचं कुणाला सुचलं नव्हतं. धारेची वेळ झाली होती आणि ती गोठ्यात होती.

तात्यांनी फेटा सावरला आणि शेजारच्या पोराला हळूच म्हणाले, "पळ, चरवी न्हेऊन दे. पान्हा सोडला आसंल."